‘हॅड बेटर’ आणि आपले ‘बरे’



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयात खेड्यातून आलेला एक विद्यार्थी होता. मुलगा हुशार, पण घरची परिस्थिती बेताची. नादारी मिळावी म्हणून त्याने इंग्रजीत अर्ज केला. शेवटचे वाक्य होते, ‘सर, यू हॅड बेटर ग्रँट मी फ्रीशिप.’ त्याला म्हणायचे होते, ‘साहेब, आपण नादारी दिलीत तर बरे होईल.’ पण इंग्रजी जाणणाऱ्याला त्यातून ऐकू आले ते असे : ‘नादारी द्या, नाही तर परिणाम बरा होणार नाही!’ अर्ज बाजूला पडला. मुलाला बोलावून विचारले, तेव्हा तो अगदी रडकुंडीला आला. गंमत अशी, की वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. मग चुकले कुठे?

इंग्रजीत वुड, शुड, मस्ट अशी सहायक क्रियापदे आहेत. त्यांच्या जोडीला कधी कधी तुलना दाखवणारा शब्द येतो, आणि दोघे मिळून एक वेगळाच अर्थ तयार होतो. ‘हॅड बेटर’ आणि ‘वुड रादर’ या अशाच दोन जोड्या. त्यांचे शब्द सुटे करून अर्थ लावू गेले, की फसगत झालीच म्हणून समजा.

आधी ‘हॅड बेटर’ पाहू. मुले विचारतात, ‘गुरुजी, हॅड म्हणजे भूतकाळ. मग यू हॅड बेटर गो नाऊ, यात नाऊ कसं आलं?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्याच बोलीत सापडते. आभाळ भरून आले की आपण म्हणतो, ‘आता निघालेलं बरं.’ अजून कोणी निघालेले नसते, तरी रूप ‘निघालेलं’! भूतकाळाचे रूप नेहमी भूतकाळच सांगते असे नाही. कधी ते नुसता सल्ला सांगते. इंग्रजीतही तेच झाले आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘त्याला बरे असते’ अशा घडणीची वाक्ये होती, आणि त्यांत माणूस आपल्यासारखाच चतुर्थीत येई. पुढे तो प्रथमेत आला, आणि होता होता ‘हॅड बेटर’ ही रचना रूढ झाली.

फरक आहे तो सुराचा. आपले ‘बरे होईल’ हे विनंतीलाही चालते. ‘हॅड बेटर’ विनंतीला चालत नाही. त्यात ‘नाही तर पंचाईत होईल’ असा इशारा दडलेला असतो. डॉक्टर रोग्याला म्हणेल, आई मुलाला म्हणेल, मित्र मित्राला म्हणेल. अर्जदाराने साहेबाला म्हणू नये. त्याने लिहावे, ‘आय शॅल बी ग्रेटफुल इफ यू ग्रँट मी फ्रीशिप.’ म्हणजे, नादारी दिलीत तर मी आभारी होईन.

आता ‘वुड रादर’. ‘रादर’ हा मुळात ‘अधिक लवकर, आधी’ अशा अर्थाचा शब्द. आज त्याचा अर्थ झाला आहे पसंतीचा. हेही आपल्याला परके नाही. ‘एक वेळ उपाशी राहीन, पण कुणापुढे हात पसरणार नाही,’ असे आपण म्हणतो. यातल्या ‘एक वेळ’चा घड्याळाशी काही संबंध आहे का? नाही. तीही पसंतीच. इंग्रजीत हेच वाक्य होईल, ‘आय वुड रादर स्टार्व्ह दॅन बेग.’

या दोन्ही जोड्यांपुढे क्रियापद उघडे येते, ‘टु’ न लावता. ‘ऑट’पुढे मात्र ‘टु’ हवाच : ‘यू ऑट टु गो’, पण ‘यू हॅड बेटर गो’. आणि नकार येतो तो जोडीच्या पाठीमागून : ‘यू हॅड बेटर नॉट गो.’ मुले ‘हॅड नॉट बेटर’ लिहितात, ते टाळायला शिकवावे.

आणखी एक खड्डा आहे. आपल्याकडे ‘पेक्षा’ हा एकच शब्द सगळीकडे चालतो. इंग्रजीत ‘वुड रादर’च्या पुढे ‘दॅन’ येते, पण पसंतीच दाखवणाऱ्या ‘प्रिफर’च्या पुढे ‘टु’ येते. ‘आय वुड रादर वॉक दॅन राइड’, पण ‘आय प्रिफर वॉकिंग टु रायडिंग’. प्रिफर, सीनियर, ज्युनियर हे शब्द लॅटिनच्या घराण्यातले. त्यांच्यामागे ‘टु’ येतो. बेटर, रादर हे अस्सल इंग्रजी मातीतले, ते ‘दॅन’ मागतात. घराणे ओळखले, की पाठांतराचा भार हलका होतो.

रेडिओवर इंग्रजी ऐकणाऱ्यांना एक अडचण नेहमी येते. बोलताना ‘हॅड’ आणि ‘वुड’ दोन्ही आखडून नुसता ‘ड’ उरतो : ‘यूड बेटर’, ‘आयड रादर’. मग हा ‘ड’ कोणाचा? पुढचा शब्द ऐकावा. ‘बेटर’ असेल तर हॅड, ‘रादर’ असेल तर वुड. जुन्या पुस्तकांत ‘हॅड रादर’ही भेटते. ते चूक नव्हे, जुने वळण आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. नियम फळ्यावर लिहिण्याआधी ‘आता निघालेलं बरं’ आणि ‘एक वेळ उपाशी राहीन’ ही दोन वाक्ये मुलांकडून म्हणवून घ्या. मग त्यांची इंग्रजी वाक्ये करून घ्या. आणि प्रत्येक वाक्याला एक प्रश्न जरूर विचारा : ‘हे कोण कोणाला म्हणतो आहे?’

आमच्या त्या विद्यार्थ्याने अर्ज पुन्हा लिहिला. या वेळी तो वाचला गेला, आणि नादारी मिळाली. गरज तीच, मुलगा तोच. बदलले होते फक्त एक वाक्य. पण ते वेळेवर कोणी दाखवले नसते, तर त्याचे शिक्षण तिथेच थांबले असते.