कोरीगडावरून न दिसणारी धावपट्टी

भुशी धरण मागे टाकून, घुसळखांबवरून पेठ शहापूरला आलं की कोरीगडाची वाट सुरू होते. तटावरून खाली अँबी व्हॅलीची खासगी धावपट्टी दिसते. तालुका मुळशी, पण जायचा रस्ता आपल्या लोणावळ्याचाच. गडावर येणारे बहुतेक जण त्या डांबरी पट्टीचे फोटो काढतात. खरी नवलाची गोष्ट मात्र पट्टीच्या पुढे, हवेत आहे, आणि ती कुठल्याच फोटोत येत नाही.

धावपट्टीच्या टोकापुढे थोडी सपाट जागा सोडली की तिथून आकाशात एक तिरका, अदृश्य पृष्ठभाग चढत जातो. अगदी लहान पट्ट्यांसाठी त्याचा चढ वीस मीटरला एक मीटर असतो. उतरणारं विमान याच्या वरून येतं, म्हणून त्याला भेदून काहीही वर यायला नको. दहा मीटर उंचीचा आंबा हवा असेल तर तो त्या चढाच्या सुरुवातीपासून निदान दोनशे मीटर दूर हवा. थोडक्यात, विमानतळाचा मोठा भाग शेजाऱ्यांच्या जमिनीवरच्या मोकळ्या हवेत असतो! म्हणूनच डांबराला कुदळ न लावताही विमानतळ बंद पडू शकतो. कुणी बांधावर निलगिरी लावली, कुणी बंगल्यावर मजला चढवला, की विमान उतरण्याची जागा आत सरकवावी लागते. असं दोनचारदा झालं की उरलेली लांबी पुरत नाही.

मावळात लांबी आधीच जास्त लागते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटरवर आहे. उंचीवर हवा विरळ, तापली की आणखी विरळ. पंखांना उचल कमी, इंजिनाला जोर कमी. धावपट्टी आखणारे दर 300 मीटर उंचीला लांबी 7 टक्के वाढवतात, आणि त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा जास्तीच्या प्रत्येक अंशाला आणखी 1 टक्का. इथलं प्रमाण तापमान 11 अंश. दुपारचे 35 अंश धरले, तर समुद्रकाठी 1000 मीटरमध्ये भागणाऱ्या विमानाला इथे 1400 मीटरच्या वर लागतात. आकाश तेच, विमान तेच, आणि चारशे मीटर जास्तीचे!

त्यात पाऊस. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. पण पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जाई. मग विमानं, सुटे भाग, माणसं असा अख्खा संसार पुण्याला हलायचा आणि येरवड्याच्या तुरुंगालगतच्या मैदानावरून टपाल निघायचं. विमानतळ दरवर्षी मिटायचा आणि दरवर्षी उघडायचा.

खासगी पट्टीचं आयुष्य मालकाच्या दैवाशीही बांधलेलं असतं. खासगी वापराच्या परवान्यात परवानाधारक आणि त्यानं परवानगी दिलेलेच तिथे उतरू शकतात. तिकीट काढून येणारा प्रवासी नाही, म्हणजे पट्टीला स्वतःची कमाईही जवळपास नाही. अँबी व्हॅलीचा मालक सहारा समूह अडचणीत आल्यावर एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अँबी व्हॅलीच्या लिलावाचा आदेश दिला, तेव्हा वसाहतीबरोबर तिच्या धावपट्टीचं भवितव्यही टांगणीला लागलं. पट्टी कायमची बंद झाली की तिच्यावर मोठ्या पांढऱ्या फुल्या रंगवतात, म्हणजे वरून येणाऱ्याला कळावं की इथे उतरायचं नाही.

कामशेतला तर उडायला डांबरही लागत नाही. वारा डोंगराला धडकून वर वळतो आणि त्या वर जाणाऱ्या हवेवर पॅराग्लायडर तरंगत राहतो. माथ्यावरचा गवताळ उतार हे उड्डाणाचं ठिकाण, पायथ्याचं मोकळं रान हे उतरण्याचं. एवढाच विमानतळ! माथा डोंगराचा, तो कुठे जात नाही. पायथ्याच्या रानाचे मात्र प्लॉट पडतात, वर विजेच्या तारा येतात. कामशेतजवळ डोंगराखाली जमीन घेणार असाल, तर कुंपण घालण्याआधी, तार ओढण्याआधी एकदा गावात विचारा: इथे पॅराग्लायडरवाले उतरतात का?