व्हीलचेअर विमानाने न्यायची, तर आधी बॅटरीचे लेबल वाचा

बुलडाणा जिल्ह्यातून विमान गाठायचे म्हणजे आधी रस्त्याचा प्रवास आलाच. घाटावरच्या चिखली, देऊळगाव राजाकडच्या लोकांना छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा विमानतळ सोयीचे, तर घाटाखालच्या मलकापूरकरांना जळगाव जवळचे. बुलडाणा शहरातून चिकलठाण्याला जायला सुमारे दीडशे किलोमीटर पडतात. एवढे अंतर कापून गेल्यावर ‘तुमची खुर्ची नेता येणार नाही’ असे काउंटरवर ऐकावे लागले, तर तिकीट, गाडीभाडे आणि पुढची डॉक्टरांची वेळ, सगळेच वाया जाते. म्हणून बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी विमानप्रवासाची तयारी घरीच, तीही तिकीट काढण्यापूर्वी सुरू करायला हवी.

अडचण खुर्चीची नसते, तिच्या बॅटरीची असते. लिथियम-आयन बॅटरीत थोड्या जागेत भरपूर ऊर्जा साठवलेली असते. शॉर्टसर्किट झाले किंवा धक्क्याने आतला एक सेल बिघडला, तर तो तापतो, शेजारच्या सेलला तापवतो आणि ही साखळी पुढे सरकत राहते. विमानाच्या सामानकक्षातील आग विझवणारा वायू ज्वाळा दाबतो. पण बॅटरीच्या आतली ही साखळी तो थांबवू शकत नाही. केबिनमध्ये मात्र धूर लगेच दिसतो आणि कर्मचारी पाणी ओतून बॅटरी थंड करू शकतात. म्हणूनच खुर्चीतून काढलेली लिथियम बॅटरी सामानात न देता प्रवाशाने स्वतःजवळ ठेवायची असते.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार याचे तीन प्रकार पडतात. पहिला, सीलबंद लेड-ॲसिड म्हणजे जेल किंवा एजीएम बॅटरी. ती खुर्चीला घट्ट बसवलेली असेल आणि तिची टोके झाकलेली असतील, तर खुर्चीसकट सामानकक्षात जाते. दुसरा, खुर्चीच्या सांगाड्यात पक्की बसवलेली लिथियम बॅटरी. ती न काढता जाते, कारण खुर्चीचा सांगाडाच तिचे संरक्षण करतो. तिसरा प्रकार घडीच्या हलक्या खुर्च्यांचा. त्यांची बॅटरी काढता येते आणि ती काढावीच लागते. अशी एक बॅटरी ३०० वॉट-तासांपर्यंत चालते. खुर्ची दोन बॅटऱ्यांवर चालत असेल, तर प्रत्येकी १६० वॉट-तासांपर्यंतच मुभा आहे. तिन्ही प्रकारांत विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागते, आणि काही कंपन्यांचे नियम यापेक्षा कडक असू शकतात.

वॉट-तास लेबलवर छापलेले नसतील, तर व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणावे. २४ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास म्हणजे २४० वॉट-तास; ही बॅटरी चालेल. तीच २० अँपिअर-तासांची असेल, तर ४८० वॉट-तास होतात; काढून नेण्याच्या प्रकारात ती बसत नाही. ‘एका चार्जमध्ये जास्त किलोमीटर’ या जाहिरातीकडे पाहून खुर्ची घेणाऱ्यांनी हा गुणाकार खरेदीआधीच केलेला बरा.

बॅटरीचा प्रश्न सुटला तरी खुर्ची धडधाकट पोहोचेल याची खात्री नसते. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये तेथील विमान कंपन्यांच्या हातून साडेअकरा हजारांवर व्हीलचेअर आणि स्कूटर मोडल्या, हरवल्या किंवा उशिरा मिळाल्या. यामागे एक साधे कारण असते. बोइंग ७३७ सारख्या विमानाच्या सामानकक्षाचे दार जेमतेम ८५ ते ९० सेंटिमीटर उंच असते. शंभर किलोची, उंच पाठीची खुर्ची आत घालायला ती आडवी करावी लागते आणि मग जॉयस्टिक, हात टेकण्याचे दांडे, वायरी यांवर भार येतो.

खुर्ची मोडणे म्हणजे बॅग फाटणे नव्हे. ज्यांच्या कमरेखाली संवेदना नसते, त्यांना त्वचेवर पडणारा दाब कळत नाही. त्यांच्या मापाची बैठक तो दाब वाटून घेते. साधी खुर्ची तो एकाच हाडावर आणते. तिथला रक्तपुरवठा तुटला की काही तासांतच जखमेची सुरुवात होऊ शकते. एन्ग्रेशिया फिगेरोआ या अमेरिकी अपंग-हक्क कार्यकर्तीची खास बनवलेली खुर्ची जुलै २०२१ मध्ये विमानप्रवासात मोडली. विमानतळावर तासन्‌तास दुसऱ्या खुर्चीत बसावे लागल्याने तिची दाबाची जखम चिघळली. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर तिचा मृत्यू झाला. या जखमेतून उद्भवलेल्या गुंतागुंतीनेच तो ओढवला, असे तिच्या सहकाऱ्यांनी सांगितले.

म्हणून काही गोष्टी न चुकता कराव्यात. खुर्चीची लांबी, रुंदी, पाठ दुमडल्यावरची उंची, वजन, बॅटरीचा प्रकार आणि वॉट-तास एका कागदावर लिहून विमान कंपनीला ई-मेल करावा आणि लेखी उत्तर मागावे. मदतीची मागणी किमान ४८ तास आधी नोंदवावी. विमानात चढण्यासाठी लिफ्टची गाडी आहे का, हेही विचारावे. छोट्या विमानतळांवर पायऱ्यांचा प्रश्न येऊ शकतो. खुर्ची मोटर बंद करून हाताने कशी ढकलायची आणि कुठे धरून उचलायची नाही, हे मोठ्या अक्षरांत तिच्यावर चिकटवावे. जॉयस्टिक निघत असेल तर काढून जवळ ठेवावी. बैठकीची गादी केबिनमध्ये न्यावी. खुर्ची विमानाच्या दारापाशीच द्यावी आणि दारापाशीच परत मागावी. देण्यापूर्वी तिचे चारही बाजूंनी फोटो काढावेत.

घाट आणि लांब रस्ता यांतच तीन-चार तास बैठक झालेली असते, हेही विसरू नये. वाटेत अंगाची जागा बदलावी आणि शक्य असेल तेव्हा त्वचा तपासावी. शौचालयाची अडचण नको म्हणून दिवसभर पाणी टाळणे मूत्रमार्गाला महागात पडते. कॅथेटर वापरणाऱ्यांनी त्याचे वेळापत्रक डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे. उन्हाळ्यात बंद गाडीत बॅटरी ठेवून जाऊ नये.

कायदा प्रवाशाच्या बाजूने आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष यांना २०१२ मध्ये कोलकात्यात विमानातून उतरवण्यात आले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विमान कंपनीला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२२ मध्ये नियम आणखी स्पष्ट केले: केवळ अपंगत्वामुळे प्रवास नाकारता येत नाही. प्रकृती बिघडेल अशी शंका असेल, तर डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासून मत द्यावे लागते.

भरपाईची बाजू मात्र लंगडी आहे. देशांतर्गत प्रवासात सामानाच्या नुकसानीची मर्यादा २० हजार रुपये आहे, आणि खुर्चीची किंमत लाखांत असू शकते. सामान सोपवताना त्याचे विशेष मूल्य जाहीर करून, लागल्यास जादा शुल्क भरून, ही मर्यादा वाढवून घेण्याची तरतूद आहे. ती काउंटरवर आवर्जून मागावी. आणि खुर्ची हाती आल्यावर विमानतळ सोडण्याआधी ती चालवून पाहावी. बिघाड दिसला तर तिथेच लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी.