स्वपक्षीयांनी अडविलेले विधेयक
१९३६ च्या निवडणुकीत ४८ पैकी ४६ राज्ये जिंकलेल्या अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी, सत्तरी उलटूनही निवृत्त न होणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशामागे एक, याप्रमाणे सर्वोच्च न्यायालयात सहापर्यंत नवे न्यायाधीश नेमण्याचा अखत्यार ५ फेब्रुवारी १९३७ रोजी अमेरिकी काँग्रेसकडे मागितला, तेव्हा सेनेटमध्ये त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे प्रचंड बहुमत होते. तरीही विरोधाची धुरा वाहिली ती मोंटानाचे बर्टन व्हीलर या, एके काळी रूझवेल्टांचे खंदे पाठीराखे असलेल्या, डेमोक्रॅट सेनेटरांनी. आणि न्यायविषयक समितीने १० विरुद्ध ८ मतांनी दिलेल्या प्रतिकूल अहवालामागे उभ्या राहिलेल्या दहांपैकी सात सभासद अध्यक्षांच्याच पक्षाचे होते, हे मला प्रतिपक्षाच्या शंभर भाषणांहून मोलाचे वाटते. २२ जुलै रोजी सेनेटने ७० विरुद्ध २० मतांनी विधेयक समितीकडे परत धाडले.