कीटक जिवाणूंना कसे ओळखतात? : सातेरीच्या निमित्ताने

मध हे योगवाही द्रव्य. चूर्णांच्या अनुपानासाठी आपण ते नित्य योजतो. परंतु ते सिद्ध करणारी माशी स्वतः रोगाशी कशी झुंजते, याचा विचार आपल्या व्यवसायात क्वचितच होतो. मालवण-वेंगुर्ले पट्ट्यात झाडांच्या ढोलीत, भिंतींच्या पोकळीत पोळी बांधणारी सातेरी ही आपली देशी माशी. तिच्या अळ्यांना होणारा युरोपियन फाउलब्रूड हा जिवाणूजन्य रोग १९७१ साली महाराष्ट्रातून नोंदविला गेला.

कीटकांच्या शरीरात आपल्यासारखी प्रतिपिंडे निर्माण होत नाहीत. मग शत्रू ओळखावा कसा? जिवाणूंच्या भित्तिकेतील पेप्टिडोग्लायकन हे जाळीदार द्रव्य प्राण्यांच्या पेशींत नसते. तीच त्यांची खूण. ही खूण धरणारे प्रथिन जपानी संशोधकांनी १९९६ मध्ये रेशमाच्या किड्यातून वेगळे केले. पुढची साखळी मुख्यतः फळमाशीवरील प्रयोगांतून उलगडली. जाळीत लायसिन असल्यास 'टोल' मार्ग, डायअमिनोपिमेलिक आम्ल असल्यास 'आयएमडी' मार्ग जागा होतो आणि मेदपिंड जिवाणूनाशक पेप्टाइडे रक्तद्रवात सोडतो. गंमत अशी की, फळमाशीतील टोल ग्राही स्वतः जिवाणूस शिवत नाही. रक्तद्रवातील प्रथिने एकामागून एक छेदली जाऊन 'स्पेट्झल' नावाचा निरोप्या सिद्ध होतो व तो टोलला जाऊन मिळतो. माणसातील टोलसदृश ग्राही मात्र जिवाणूंचे घटक बहुधा थेट धरतात. या क्षेत्रातील कार्यासाठी ज्यूल्स हॉफमन हे २०११ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. यालाच व्याधिक्षमत्व म्हणावे काय? तशी घाई करू नये, असे आम्हांस वाटते.

युरोपीय मधमाशीची जनुके २००६ मध्ये वाचली गेली, तेव्हा तिच्यापाशी प्रतिकाराची जनुके फळमाशीच्या सुमारे एक-तृतीयांशच आढळली. रोगट अळ्या बाहेर टाकणाऱ्या कामकरी माश्या ही उणीव काही अंशी भरून काढीत असाव्यात. शिवाय आतड्यातील सहवासी जिवाणू तिची पेप्टाइड-निर्मिती जागती ठेवतात. टेट्रासायक्लिन दिलेल्या माश्यांत हे जिवाणू घटले व त्या अधिक संख्येने मेल्या, असे २०१७ साली अमेरिकेत दिसून आले. फाउलब्रूडवर पेटीत घालतात ते ऑक्सिटेट्रासायक्लिन याच कुळातले!

माशीचे डिफेन्सिन-१ हे पेप्टाइड मधातही उतरते, हे डच संशोधकांनी २०१० मध्ये दाखविले. औषधशाळाचालकांनी मध घेताना पेटीत प्रतिजैविक घातले होते काय, हे विचारावे आणि अवशेषांचा तपासणी-अहवाल मागावा. पोळे पिळून काढलेल्या मधात अळ्यांचा रसही मिसळतो; तो औषधासाठी आम्ही घेत नाही.