एका ठोक्यावर सारं टेबल

वसईच्या किनाऱ्यावर उभं राहून पश्चिमेला, जरा दक्षिणेकडे झुकून, क्षितिजापासून साधारण 33 अंश वर बोट दाखवलं, तर तिथे कतारचा ‘एस्हेल-2’ उपग्रह असतो. तो नोव्हेंबर 2018 मध्ये सुटला. त्याच्यावर हौशी रेडिओवाल्यांसाठी, म्हणजे हॅम मंडळींसाठी, ट्रान्सपाँडर आहे. भूस्थिर कक्षेतला अशा प्रकारचा पहिलाच. ऐकायला गच्चीवरची डिश आणि टीव्हीचा साधा एलएनबी, म्हणजे आलेली लहर खालच्या वारंवारतेवर उतरवणारा डबा, पुरतो. अडचण निघते ती एलएनबीतल्या 25 मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलची. तो 390 पट करून 9750 मेगाहर्ट्झ बनवतात. क्रिस्टल दहा लाखांत एक भाग सरकला, की ऐकू येणारं स्टेशन जवळपास 10 किलोहर्ट्झ भलतीकडे जातं, आणि एका माणसाच्या आवाजाला मिळणारी जागाच पावणेतीन किलोहर्ट्झची. ऊन पडलं की एक आकडा, ढग आला की दुसरा.

म्हणून एलएनबी आणि बाकीची उपकरणं बांधून ठेवायला टेबलावर 10 मेगाहर्ट्झची खात्रीची लहर लागते. पूर्वी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं ‘एटीए’ स्टेशन शॉर्टवेव्हवर प्रमाण लहरी सोडायचं. हौशी माणूस आपला ऑसिलेटर त्याच्याशी ‘झीरो बीट’ करत, म्हणजे दोघांतला फरक शून्यावर आणत, बसायचा. ते बंद झालं. आता खिडकीत जीपीएसचा छोटा अँटेना ठेवला की उपग्रहांतल्या अणुघड्याळांचा ठोका फुकट घरात येतो. सेकंदाची व्याख्याच 1967 पासून सीझियम अणूच्या 9,19,26,31,770 कंपनांवर बेतलेली आहे, आणि त्या व्याख्येच्या इतकं जवळ विरारच्या चाळीतूनही जाता येतं.

पण हा ठोका कच्चा असतो. सेकंदागणिक काही नॅनोसेकंद मागेपुढे हलतो. दिवसभराच्या हिशेबात मात्र चुकत नाही. उलट, छोट्या भट्टीत सत्तर-ऐंशी अंशांवर तापवत ठेवलेला क्रिस्टल क्षणाक्षणाला शांत, पण महिन्यांमध्ये हळूच सरकणारा. जीपीएसडीओ नावाची पेटी दोघांचे गुण घेते: क्रिस्टलला चालू देते आणि जीपीएसच्या आधाराने त्याचा कान हलकेच पिळत राहते. असे क्रिस्टल मोबाइल टॉवरच्या उतरवलेल्या सामानातून बाजारात येतात.

इथवर काम सोपं आहे. खरी कसोटी पुढे लागते, कारण काउंटर, सिग्नल जनरेटर, स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर, एलएनबी या सगळ्यांना तीच लहर हवी असते. नवखा माणूस ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून मूठभर बीएनसी ‘टी’ आणतो आणि एकाच केबलवर सगळी उपकरणं ओवतो. मग सोसायटीत खालच्यांनी नळ सोडला की वरच्या मजल्यावर धार बारीक व्हावी, तसं होतं. कुणाचा इनपुट 50 ओहमचा, कुणाचा हजाराचा. लहर टोकावरून परत उलटते, आणि एका उपकरणाच्या पोटातला गोंगाट त्याच तारेतून शेजाऱ्याकडे पोचतो.

उपाय म्हणजे वितरण अ‍ॅम्प्लिफायर: आत एक लहर, बाहेर आठ, प्रत्येकीला स्वतंत्र बफर. दिसायला ही पेटी अगदी कंटाळवाणी, आणि माझ्या मते प्रयोगशाळेतली सर्वांत कमी कौतुक झालेली वस्तू. काटकसरी लोक स्टुडिओतला जुना व्हिडिओ वाटप डबा वापरतात. तो 75 ओहमचा असला तरी चालवून घेता येतो. प्रत्येक आउटपुटवर मात्र चिमुकला ट्रान्सफॉर्मर हवा. तो नसेल तर उपकरणांच्या अर्थिंगचं वेटोळं तयार होतं, आणि 10 मेगाहर्ट्झच्या दोन्ही बाजूंना घरच्या विजेचे 50 हर्ट्झ शेपट्या काढून बसतात.

केबलच्या लांबीची काळजी अनेकांना उगाच वाटते. साध्या कोअॅक्समध्ये मीटरला सुमारे 5 नॅनोसेकंद जातात, पण तेवढाच उशीर कायम असेल तर वारंवारता बदलत नाही. बदलत्या उशिरानेच ती बिघडते. जिथे लहरींची परस्पर वेळही जुळावी लागते, तिथे हा प्रश्न उग्र होतो. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत. त्यातल्या 14 मध्यभागी, बाकीच्या तीन लांब हातांवर पसरलेल्या. मध्यवर्ती इमारतीतून प्रत्येक डिशला संदर्भलहर ऑप्टिकल फायबरने जाते, आणि 30 डिश मिळून एक दुर्बीण होते ती याच आधारावर.

वसईत शत्रू निराळे. खाऱ्या हवेने बीएनसीचे दांडे काळवंडतात. पावसाळ्यात महावितरणची वीज गेली की भट्टी थंड पडते आणि परत तापून स्थिरावेपर्यंत आकड्यांवर भरवसा नाही. म्हणून पेटीला इन्व्हर्टरची जोड हवी. रुबिडियम अणूंवर चालणारा ऑसिलेटर घ्यायची घाई करणाऱ्यांना मी आधी एक साधी चाचणी करायला सांगतो. दोन आउटपुट ऑसिलोस्कोपवर एकावर एक लावा आणि तिसऱ्याची केबल उपटा. पडद्यावरच्या दोन लहरी एकमेकींपासून जराही सरकल्या, तर पैसे अजून वितरणाच्या पेटीवरच खर्च करायचे आहेत.