छातीवरचा क्रूस

सहाव्या शतकातल्या गॉल आणि हिस्पानियात ट्रेमिसिस हे सोन्याचे नाणे सर्रास चाले. सॉलिडसचा हा तिसरा हिस्सा, वजन जेमतेम दीड ग्रॅम. त्यावर नाव कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाचे असे, पाडणारे मात्र व्हिसिगॉथ, बर्गंडियन किंवा फ्रँक. म्हणून नावावरून टांकसाळ ठरवता येत नाही. नावावरून काळही ठरत नाही: व्हॅलेंटिनियन तिसरा ४५५ साली मारला गेला, तरी सुएव्ही लोक त्याच्या नावाची नाणी पुढे कित्येक दशके पाडत राहिले. नाण्याच्या तळाशी असलेली 'कॉनॉब' ही अक्षरे कॉन्स्टँटिनोपलच्या शुद्ध सोन्याची ग्वाही देणारी. नकलाकारांनी तीही उचलली.

पहिली खूण मागच्या बाजूला सापडते. राजधानीच्या ट्रेमिसिसवर विजयदेवीच्या एका हातात पर्णमुकुट असतो, दुसऱ्यात क्रूस लावलेला गोल. पश्चिमेकडच्या एका मोठ्या गटात गोल जाऊन तिथे झावळी येते. नकलेवरून नक्कल होत गेली तशी या देवीची पार रया गेली. डोक्याच्या जागी ठिपका, पंखांच्या जागी चार रेघा, आणि शेवटी ती नाकतोड्यासारखी दिसू लागते. भोवतीच्या अक्षरांचे तर नुसते उभे दांडे उरतात.

दुसरी खूण म्हणजे छातीवरचा क्रूस. जस्टिन पहिला आणि जस्टिनियन यांच्या नावाच्या झावळीवाल्या नाण्यांवर सम्राटाच्या छातीवर एक चिमुकला क्रूस कोरलेला दिसतो. राजधानीच्या नमुन्यात तो नाही. म्हणजे हा चुकलेला हात नव्हे, कोणीतरी जाणूनबुजून घातलेली भर आहे. ती कोणाची, याचा निर्णायक पुरावा राजा लिओव्हिगिल्डच्या (५६८–५८६) नाण्यांनी दिला. व्हिसिगॉथांमध्ये सोन्यावर स्वतःचे नाव घालणारा हा पहिला राजा. त्याच्या सुरुवातीच्या नाण्यांवर तीच देवी आहे आणि छातीवर तोच क्रूस. एकाच परंपरेतले हे कारागीर होते, फक्त नाव बदलले. लिओव्हिगिल्डने ५७८ साली वसवलेल्या रेकोपोलिसच्या चर्चमध्ये मिळालेल्या दफिन्यातही सम्राटांच्या नावाच्या नकला आणि त्याची स्वतःची नाणी एकत्रच निघाली. १९६४ साली वॉलेस टोमासिनी यांनी अशा शेकडो नाण्यांची शैलीनुसार लावलेली मांडणी आजही हाताशी ठेवावी इतकी उपयोगी आहे.

बर्गंडियनांचा माग त्या मानाने सोपा. राजा गुंडोबाडने देवीशेजारी आपल्या नावाची जोडाक्षरी मुद्रा घातली, त्यामुळे वाद उरत नाही. फ्रँकांच्या थ्यूडेबर्टने तर सॉलिडसवर सरळ आपले पूर्ण नाव कोरले.

खरी अडचण अनास्टासियसच्या (४९१–५१८) नावाच्या झावळीवाल्या नाण्यांची. त्यांवर मुद्रा नाही, क्रूसही नाही. शिवाय ५०७ साली वुइयेच्या लढाईत व्हिसिगॉथांच्या हातून गॉलचा बहुतेक मुलूख गेला, तेव्हा एकाच प्रदेशात आधी एकाने आणि मग दुसऱ्याने तोच नमुना चालवला असणे शक्य आहे. अशा वेळी ठशांची जुळणी आणि नाणी कुठे सापडली याच्या नोंदी, एवढ्यावरच भिस्त ठेवावी लागते. ज्या नाण्याच्या सापडण्याची जागाच नोंदलेली नाही, त्याला 'गॉलमधील' याहून नेमके नाव देऊ नये.