पोट साफ होत नाही? एकदा थायरॉईडही तपासा



अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या आसपासच्या वस्त्यांत आम्ही आरोग्याची बैठक घेतो, तेव्हा बीपी, शुगर, गुडघे यांवर सगळ्याजणी मोकळेपणाने बोलतात. पोटाची तक्रार मात्र बैठक संपल्यावर, चपला घालताना, हळूच कानाशी येते. "सिस्टर, तीन-तीन दिवस परसाकडला होत नाही. चूर्ण घेतलं तरच होतं."

अशाच एक मावशी. टॉवेलच्या कारखान्यात दिवसभर शिलाईवर. कित्येक वर्षे रोज रात्री चूर्ण. सोबत थकवा, तोंडावर सूज, केस गळणे. सोलापूरच्या उन्हाळ्यात सगळे पंख्याखाली आणि या मावशी पदर लपेटून! घरचे म्हणायचे आळस भरलाय, मुकादम म्हणायचा हात मंदावला. शेवटी रक्त तपासले तेव्हा थायरॉईड कमी निघाले. गोळी सुरू झाली. काही महिन्यांत थकवा उतरला, पोटही लागी लागले. आळस नव्हता, आजार होता.

गळ्यातल्या ग्रंथीचा पोटाशी काय संबंध?

थायरॉईड ही गळ्यात पुढच्या बाजूला असलेली फुलपाखरासारखी छोटी ग्रंथी. तिचा रस रक्तातून सगळ्या अंगात जातो आणि शरीराने किती वेगाने काम करायचे ते ठरवतो. हा रस कमी पडला की सगळेच मंदावते. हृदयाचे ठोके मंद, अंग गार, वजन वाढते, कातडी कोरडी, पाळीत रक्तस्राव जास्त, मन उदास. आतड्यांचेही तसेच. अन्न पुढे ढकलणारी आतड्याची हालचाल मंदावते. मळ मोठ्या आतड्यात जास्त वेळ पडून राहतो, त्यातले पाणी शोषले जाते आणि तो खड्यासारखा घट्ट होतो. पोट फुगते, भूक मरते.

थायरॉईड जास्त झाले तर उलटे घडते. वारंवार शौचाला लागते, छातीत धडधडते, हात थरथरतात, वजन उतरते.

प्रत्येक वेळी थायरॉईडच असते का?

नाही. बहुतेकांची कारणे साधी असतात. तासन् तास एका जागी बसून विड्या वळणे, जेवणात भाजी कमी, रक्तवाढीसाठी घेतलेल्या लोहाच्या गोळ्या. आणि आपल्या वस्तीतले मोठे कारण म्हणजे कारखान्यातला संडास घाण किंवा लांब, म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. आधी हे सुधारा. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मोडाची उसळ आणि भरपूर पाणी.

पण पोट महिनाभर अडते आहे आणि सोबत वरची दोन-तीन लक्षणे आहेत, तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा, "टीएसएच तपासायचे का?" रक्ताची एक साधी तपासणी आहे. अहवालात टीएसएच वाढलेला दिसला की लोक म्हणतात "थायरॉईड वाढलं". खरे तर टीएसएच हा मेंदूतून थायरॉईडला जाणारा "काम कर" असा निरोप आहे. ग्रंथी मंदावली की निरोप वाढतो. म्हणजे टीएसएच जास्त, तर थायरॉईड बहुधा कमी.

शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणे, पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय, किंवा पोट फुगून उलट्या आणि वाराही न सरणे, यात चूर्णावर वेळ घालवू नका. दवाखाना गाठा.

गोळी घेताना

- सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत घ्या. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. रात्रपाळी असेल तर वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा.
- लोहाची, कॅल्शियमची किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी आणि थायरॉईडची गोळी यांत चार तासांचे अंतर ठेवा. इसबगोलही सोबत घेऊ नका. नाहीतर गोळी अंगाला लागत नाही.
- सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासा. बरे वाटले म्हणून गोळी बंद करू नका. शेजारणीची गोळी आपल्याला चालत नाही, डोस प्रत्येकाचा वेगळा असतो.
- दिवस गेलेल्या किंवा जाणार असलेल्या लेकी-सुनांनी डॉक्टरांना थायरॉईडबद्दल जरूर सांगावे. आईचे थायरॉईड कमी पडले तर पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो.

आयोडीनयुक्त मीठच वापरा आणि डबा झाकून ठेवा. आयोडीन कमी पडले तर गलगंड होतो, म्हणून १९६२ पासून सरकारने त्यासाठी देशभर कार्यक्रम चालवला आहे. मात्र आजार जडल्यावर नुसत्या मिठाने तो बरा होत नाही.

हक्काचेही बोलू

कारखान्यात पिण्याचे पाणी आणि बायकांसाठी वेगळा संडास हे मालकाचे उपकार नाहीत. १९४८ च्या कारखाना कायद्यानेच ते बंधन घातले. पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर तपासणी आणि औषधे ही तुमच्याच पैशांची आहेत. कार्ड कपाटात ठेवू नका, वापरा.

बाबासाहेबांनी आपल्याला निमूट सोसायला शिकवले नाही. पोटाची तक्रार सांगण्यात लाज कसली? पुढच्या बैठकीत ती चपला घालताना नको, सगळ्यांसमोर बसून सांगा. ऐकणाऱ्या चौघींपैकी एखादीला तोच त्रास असेल.

जय भीम!